पाच मिलिमीटर

व्हर्नियर आहे गल्ल्याखालच्या खणात,
पण त्याचे जबडे गळ्यापाशीच अडतात.
पोटाची जाडी त्याला कळत नाही.
ती तुला कळायला हवी, तन्वीर.

खोका उघड. कागद काढ.
भांडं दोन्ही हातांत घे,
बाजारात कलिंगड घेतोस तसं,
आणि नखानं टिचकी मार.
टण्ण करून आवाज लांबत गेला तर ठेव.
टक् करून गप्प बसलं
तर आत कुठेतरी चीर आहे, बाजूला कर,
हबीबशेठ कितीही शपथा घालो.

इथे हुक्क्यालाच शीशा म्हणतात.
आपल्याकडे शिसा म्हणजे रॉकेलची बाटली,
घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली,
एवढ्या लांब जाऊन बाटल्या धुतोस?
धुतो.
मुहर्रकच्या या गल्लीत रात्री साठ भांडी,
कोपरापर्यंत हात, सफरचंदाचा चिकट वास.

आधी मी तीन मिलिमीटरची घ्यायचो.
हलकी, देखणी, दिव्याखाली पाण्यासारखी.
गिऱ्हाइकानं दांडा जरा जोरात बसवला की गेली.
एकेका भांड्याचे तीन दिनार, माझ्या पगारातून.

मग हट्टानं नऊची आणली.
जाड ते मजबूत, असं मीही धरून चाललो होतो.
आत एसी अठरावर,
बाहेर ऑगस्टचा फुटपाथ,
वर गिऱ्हाईक म्हणतं, बर्फ टाक.
पातळ काच ऊन-गारवा चटकन अंगभर वाटून घेते.
जाडीला ते जमत नाही.
तिची बाहेरची कड तापलेली, आतली अजून गार,
आणि मधल्या मध्ये ओढाताण.
त्यातून भट्टीवाल्यानं घाईत निववलेली असेल
तर ती ओढाताण जन्मापासूनच आत.

बू राशिद कोपऱ्यात मातीचा गदूच ओढतो.
म्हणतो, काचेत पाणी दिसतं,
आणि पाणी दिसलं की मला तहान लागते.
त्याचं बरं आहे. त्याला निवड नाही.

एका पहाटे, तीनच्या सुमाराला,
खुर्च्या उलट्या टेबलांवर, लादी ओली,
मी बायकोशी फोनवर बोलत होतो
आणि फळीवरचं नऊचं भांडं
आपलं आपण तडकलं.
कुणी हात लावला नव्हता.
निखारा नव्हता, बर्फ नव्हता.
दिवसभराचं काहीतरी
त्याला तेव्हा आठवलं असावं.

उज्ज्वलानं विचारलं, काय झालं?
मी म्हटलं, काही नाही, एक वाढलं.

आम्ही राजापूरचे कासार.
बाबा बांगड्यांचा जोड कानाशी वाजवून बघायचे,
बद्द वाजणारा घडा वेगळा ठेवायचे.
बांगडी फुटली म्हणायचं नाही आमच्यात.
वाढली म्हणायचं.
तोंडात बसलेला शब्द, विचार न करता आला.

तिकडे एवढी शांतता
की मला आमच्या पंख्याची कुरकुर ऐकू आली.
मग तिनं हळूच विचारलं,
कुणाची?

दुकानाची, म्हटलं. अगं, दुकानाची.
काचेचं भांडं. नऊ मिलिमीटर.
ती हसली, बऱ्याच उशिरा.
आणि हसताना तिच्या हातांतल्या
फोनला लागून वाजल्या.
मी मोजल्या नाहीत. आवाज लांबत गेला तेवढा ऐकला.

तर पाच.
पण गळ्याशी पाच आणि बुडाशी आठ, असलं नको.
उजेडात धरून फिरव,
पलीकडची ट्यूबलाइट वाकडी व्हायला लागली
तर तिथे काच कुठे जाड, कुठे पातळ.
एकसारखी पाच असेल
तर धक्काही सोसते, ऊनही.
कायमची नाही.
तसं मिळालं तर मला पण सांग.

आता तो चौथा खोका घे.
सावकाश.
आणि एखादं गेलंच हातून
तर शेठला काय सांगायचं ते तू ठरव,
पण घरी फोन चालू असेल तर
फुटलं म्हण.